गुंडी म्हणणारी माणसं

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. तेलाची बाटली संपेपर्यंत गुडघा डॉक्टरांना दाखवायचा नाही, हा तुझा निश्चय वाचला आणि तुझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांची दया आली. मुकाट्याने जाऊन ये.

भाऊ राजधानीत नेमकं काय करतो, असं शेजारीण विचारते आणि कचेरीत असतो एवढंच सांगून तू वेळ मारून नेतेस. बत्तीस वर्षांत तू मला कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता ऐक. सरहद्दीजवळ ज्यांच्यापाशी कागद सापडत नाहीत, त्यांना अर्धा तास बोलतं करतात आणि त्याची टेप माझ्याकडे येते. माणूस काय सांगतो ते मी बघायचं नसतं, कसं सांगतो ते बघायचं. रेघेच्या दोन्हीकडे भाषा एकच, पण शब्द कुठे कुठे वेगळे. नोकरीला लागलो तेव्हा गावोगाव हिंडून मी एकशे साठ शब्दांची यादी केली होती, अलीकडचे कुठले नि पलीकडचे कुठले. हिरव्या बांधणीची ती वही कचेरीत अजून चालते. टेप ऐकायची, खुणा करायच्या, खाली एक ओळ लिहायची. पलीकडचा ठरला की त्याची रवानगी.

फायलींबद्दल घरी लिहू नये, तरी लिहितो. सध्या तुमच्याच गावच्या नाक्यावर ठेवलेल्या एका बाईची टेप आली आहे. साठीची आहे, जन्मभर शिवणकाम केलं. घराला आग लागली त्यात कागद गेले, मी अलीकडचीच आहे, असं सांगते. पण बटणाला गुंडी म्हणते, तेही एकदा नाही, सात वेळा. यादीप्रमाणे प्रकरण सरळ आहे. तरी तीन दिवस झाले, माझी खालची ओळ लिहून होत नाही. तिचं बोलणं ऐकताना हातातली पेन्सिल खाली ठेवावीशी वाटते. कोणासारखी बोलते ते काही केल्या आठवत नाही.

असो. डोकं जुनं झालं. तुझा लोभ आहे तोवर काळजी नाही.

तुझा,
बारक्या (वय वर्षे सत्तावन्न)


दि. १० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी तेच तेल लिहून दिलं. पुढे बोलू नकोस.

तुझं काम काय ते मला शेजारणीमुळे कळलं, हे एक बरंच झालं म्हणायचं. त्या बाईचा आवाज मी ऐकलेला नाही, पण ती कोणासारखी बोलते ते सांगू शकते. आईसारखी.

आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, मी वीस. तुझ्या लक्षात आहे ती गप्प बसणारी आई. सगळे म्हणायचे, बाई फार अबोल. अबोल कसली! आम्ही दोघीच घरात असलो की तिच्या बोलण्याला खळ नसायचा. तिचं माहेर आताच्या नाक्यापासून तासाभराच्या चालीवर. ती लग्न होऊन आली तेव्हा मधे रेघ नव्हती. मी तीन वर्षांची असताना रेघ आली आणि तिचं माहेर पलीकडे गेलं. आपल्या गल्लीतल्या निम्म्या घरांत सुना तिकडून आलेल्या, इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या. सगळ्या बायका गुंडीच म्हणायच्या. अलीकडचं, पलीकडचं असं त्यात काही नव्हतं.

तू पहिलीत असताना एकदा शर्टाची गुंडी तुटली म्हणून गुरुजींना सांगायला गेलास. वर्ग हसला. गुरुजींनी तुला बाकावर उभं केलं आणि हे पलीकडचं पाहुणं बघा, असं सगळ्यांना सांगितलं. तू रडत घरी आलास. मी त्याच शाळेत नुकती शिकवायला लागले होते, मला तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटली. तुला पायरीवर बसवून शंभर वेळा बटण म्हणायला लावलं. आई आत होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवसापासून तुझ्यासमोर तिने तो शब्द काढला नाही. मग हळूहळू बाकीचे शब्दही गेले, आणि शेवटी तुझ्यासमोर ती बोलेचना.

तू यादी करायला गावात आला होतास ते आठवतं मला. ओसरीवर बसून तू पुरुषांना विचारत होतास आणि बायका दारामागे उभ्या होत्या.

एवढं लिहून हात दुखला. जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत.

तुझी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण तू माझी चूक लगेच पकडशील. दोन दिवस रागावलो होतो. तुझ्यावर, गुरुजींवर, मग ज्याच्यावर रागवायला हवं होतं त्याच्यावर.

कपाटातून माझ्या जुन्या टिपणवह्या काढल्या. प्रत्येक शब्दापुढे तो कोणी सांगितला हे लिहिलं आहे. न्हावी, वय पन्नास. सुतार, वय एकेचाळीस. पोस्टमन. सगळे पुरुष, तू म्हणालीस तसे. गुंडीपुढचा रकाना कोरा आहे. एकशे साठांत तेवढाच एक. मला तो शब्द कोणी सांगितला नव्हता ताई, मी कोणाला विचारलाही नव्हता. तो पलीकडचा आहे हे मला पक्कं माहीत होतं, इतकं पक्कं की विचारायची गरज वाटली नाही.

साहेबांशी बोललो. माणूस वाईट नाही, पण नियमाला चिकटून राहणारा. म्हणाले, तुमची यादी, तुम्हीच छापून घेतलीत, आता आठवणीवरून ती मागे कशी घेता? पुरावा आणा. सुनावणी २० मार्चला तुमच्या गावातच आहे. आईचा जन्म कुठे झाला आणि गल्लीतल्या बायका कशा बोलायच्या, एवढं तू दोन ओळींत लिहून सही करून दिलंस तर चालेल. गावात तुझ्या शब्दाला वजन आहे. ती बाई पलीकडची ठरली तर तिला तिथे नेऊन सोडतील, आणि तिथे तिचं कोणी नाही.

पत्राची वाट बघतो. माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


दि. २५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

मी लिहून देणार नाही.

कारण सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. माझ्या नातीने शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला आहे. त्यात आता तीन पिढ्यांची जन्मस्थळं विचारतात. पणजीच्या रकान्यात मी आपल्या गावाचं नाव लिहिलं. तिच्याकडून नाही, माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात. आईच्या मृत्यूच्या दाखल्यापासून आजवर प्रत्येक कागदावर मी हेच लिहीत आले. आता तुझ्या सुनावणीत दुसरं लिहून दिलं तर पोरीचा अर्ज तर जाईलच, वर तिची आजी खोटारडी ठरेल. मुख्याध्यापिका म्हणून मी वीस वर्षं मुलांच्या मातृभाषेच्या रकान्यावर सह्या केल्या आहेत रे.

पोरीला यातलं काही माहीत नाही. तिने आताशी कुठे नवे बूट घेतले आहेत शाळेत जायला.

त्या बाईचं वाईट वाटतं. पण मी तिला ओळखत नाही, आणि नातीला ओळखते. मला पुन्हा विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणताना मला त्रास होईल.

थंडी आहे अजून, स्वेटर घालत जा.

तुझी,
ताई


दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुन्हा विचारत नाही. तुझ्या जागी मी असतो तर पत्राचं उत्तरच दिलं नसतं.

मला लिहायचं ते मी तुझं नाव न घेता लिहून दिलं. साहेबांनी अहवाल परत पाठवला, मी शुद्धलेखन तपासून तोच पुन्हा दिला. तिसऱ्या वेळी त्यांनी ठेवून घेतला. सोमवारपासून माझी बदली खालच्या मजल्यावर, रेकॉर्ड रूममध्ये. तिथे खिडकी नाही, पण पंखा चांगला आहे, आणि कोणी वर्दळ करत नाही. सुनावणीत अहवाल वाचतील. नुसत्या माझ्या शब्दावर काय ठरेल सांगता येत नाही, कारण माझाच जुना शब्द त्याच्याविरुद्ध उभा आहे.

नातीला अर्जाबद्दल शुभेच्छा सांग. बूट चावत असतील तर टाचेला मेण लाव म्हणावं.

लोभात अंतर नको.

तुझा,
बारक्या


दि. २२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लांबेल. चहा घेऊन बस.

मी त्या बाईला बघायला गेले होते, सुनावणीच्या आठ दिवस आधी. का गेले ते विचारू नकोस, मलाही नीट सांगता येणार नाही. नाक्याशेजारच्या जुन्या गोदामात त्या बायकांना ठेवतात आणि बाहेरची शिवणं करू देतात. माझ्या जुन्या कोटाचं वरचं बटण गेलं होतं, ते निमित्त करून गेले. ठेंगणीशी बाई, केस अगदी पांढरे, गळ्यात मापाची टेप. तिने कोट उलटा करून बघितला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि सहज म्हणाली की कापड अजून दहा वर्षं टिकेल, नुसती गुंडी लावून देते. म्हणाली आणि थबकली. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकरणीकडे तिने बघितलं, आणि घाईघाईने, खालच्या आवाजात, बटण, बटण, असं दोनदा म्हणाली.

बारक्या, आई असंच करायची. हुबेहूब. शब्द तोंडातून निसटला की आधी दाराकडे बघायची. मी घरी आले आणि नातीला समोर बसवून सगळं सांगून टाकलं.

पोरीने ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल. तिने विचारलं काय, तर पणजीचं गाव दिसायला कसं होतं, आणि मी तिथे किती वेळा गेले होते. एकदाही नाही, म्हटलं. यावर मात्र ती चिडली. तासाभराच्या चालीवर आणि एकदाही नाही! दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तिने अर्जातला रकाना स्वतःच्या हाताने दुरुस्त केला, मला न विचारता. पुढे काय होतं ते बघू.

सुनावणीला तीन जण बसले होते. कारकुनाने तुझा अहवाल बाजारभाव वाचावेत तसा वाचला. त्यात एक वाक्य होतं, की गुंडी हा शब्द मी कोणालाही न विचारता पलीकडचा ठरवला, ही चूक माझी आहे. मी तुला शंभर वेळा घोकायला लावलं त्याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा मी हात वर केला. सत्तरीला आलेल्या मुख्याध्यापिकेने वर्गात हात वर करावा तसा.

अध्यक्षांनी बोलायला सांगितलं. आईचा जन्म कुठला, गल्लीत कोण कोण सुना कुठून आल्या होत्या, एकेक घर घेऊन मी सांगत गेले. सुरुवात अगदी छापील भाषेत केली होती. मधेच कधीतरी माझं बोलणं बदललं. हेल बदलला, गुंडी आली, फणी आली, आईचे असे शब्द आले जे मी पन्नास वर्षांत उच्चारले नव्हते. थांबवायला गेले तर थांबेनात. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, मग बाई, तुम्ही नक्की कुठल्या? मी म्हटलं, शाळेसमोरच्या गल्लीतली, डाव्या हाताचं तिसरं घर.

दीड तासाने निकाल आला. नुसत्या बोलण्यावरून ती पलीकडची ठरत नाही, तिला सोडावं. बाहेर आल्यावर ती माझा हात धरून फाटकापर्यंत चालली. कोट मी अजून आणलेला नाही. आता तिने बाजारात खोली घेतली की तिथून आणीन.

तुझ्या खिडकी नसलेल्या खोलीत वारा येऊ दे, हाच आशीर्वाद.

तुझी,
ताई


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तू हात वर केलास तिथे प्रत्येक वेळी थांबलो.

यादी बंद झाली. हिरवी वही माझ्याच रेकॉर्ड रूममध्ये जमा झाली, तिला क्रमांक मीच दिला. नात अजून वाट बघते आहे का, कळव.

इथे माझ्या सगळ्या जुन्या फायली आहेत. रोज चहाच्या सुट्टीनंतर एक गठ्ठा काढतो. गुंडी या एका शब्दावर ज्यांचं पारडं फिरलं अशी अडतीस माणसं सापडली. अडतीस, ताई. त्या सगळ्यांची प्रकरणं पुन्हा उघडावीत असा अर्ज साहेबांकडे दिला आहे. या वेळी त्यांनी तो परत पाठवला नाही. पण बरीच माणसं कुठे गेली याचा पत्ताच नाही. एकाचा तेवढा ठावठिकाणा लागला. नऊ वर्षांपूर्वी त्याला नाक्यापलीकडच्या पहिल्या गावात सोडलं, तो तिथेच राहिला आणि सायकली दुरुस्त करतो. पहिलं गाव म्हणजे आईचं गाव.

सरकारी नोकराला पलीकडे जायचा परवाना मिळायला महिने लागतात. तुम्हा गावकऱ्यांना एका दिवसाचा पास मिळतो, असं ऐकलं. गुडघा कसा आहे?

मी काही विचारत नाही आहे. माया असू दे.

तुझा,
बारक्या


दि. ६ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

काही विचारत नाही म्हणून गुडघ्याची चौकशी करणारा भाऊ मला मिळाला. जाऊन आले. नातही बरोबर आली. तिच्या अर्जाचं उत्तर आलं नाही, पण ती रोज शेजारच्या मुलांना घरी शिकवते आहे, फळा माझाच.

गाव अगदी आपल्यासारखं. तीच कौलं, तसाच उतार, पाण्याच्या टाकीचा रंगसुद्धा तोच. आईचं घर कुठलं ते कोणाला सांगता आलं नाही. एका दुकानात मी मुद्दाम कोटासाठी गुंडी मागितली. दुकानदार हसला आणि म्हणाला, आजी, इथे बटण म्हणतात, गुंडी हा पलीकडचा शब्द. पलीकडे म्हणजे तुझ्या-माझ्याकडे. त्यांच्याही शाळांत कोणी कोणाला बाकावर उभं केलं असणार. नात इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला काही हसू आलं नाही.

सायकलवाला चौकात बसतो. चाळिशीचा असेल, हात तेलाने काळे, बोलायला मऊ. मी कोण, माझा भाऊ कोण, सगळं सरळ सांगितलं. मनाची तयारी करून गेले होते की हा ओरडेल, हाकलून देईल. त्याने हातातलं चाक पुरं केलं, हात पुसले आणि आम्हाला बसायला खोकं दिलं. सांगत होता की तिकडून पलीकडचा म्हणून पाठवलं, इकडे आल्यापासून तेच ऐकतो. आता सवय झाली. प्रकरण पुन्हा उघडेल म्हटलं तर त्याने मान हलवली. परत जाऊन कोणाकडे जाऊ, असं म्हणाला. त्याची आई तिकडे, म्हणजे इकडे, एकटी होती. ती चार वर्षांपूर्वी गेली. त्याला पास मिळाला नाही.

निघताना त्याने एकच विचारलं. टेप भरली तेव्हा आई त्याच्या शेजारी बसली होती, मधे मधे बोलत होती. ती टेप अजून असेल का? त्याच्याजवळ आईचा एक फोटो आहे, आवाज नाही.

मी काही कबूल केलं नाही. फायलीचा क्रमांक त्याने पाठ केलेला आहे, तो खाली लिहिते. शोध. आणि सापडली नाही तर तसं स्वतः कळव, माझ्याकडून नको.

जपून राहा.

तुझी,
ताई

फाईल क्र. ४१२


दि. १९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडली. दहा वर्षांनी टेपा पुसून टाकतात, हिला अकरा महिने उरले होते. साहेबांना कारण लिहून दिलं. त्यांनी फायलीवर सही केली आणि वर न बघता म्हणाले की घेऊन जा, स्वतः द्या. पासाची चिठ्ठीही त्यांनीच दिली.

माझा जुना अहवाल फायलीत आहे. त्यात शेवटी लिहिलंय, मागून एका वृद्ध स्त्रीचा आवाज येतो, तो विचारात घेतलेला नाही. काल तो पहिल्यांदा विचारात घेतला.

बाई सारखी मुलाला काही ना काही सांगते. नीट बस, पाणी पी आधी, खोकला झाला होता ते सांग. एकविसाव्या मिनिटाला टेप भरणारा विचारतो, शर्टाला पुढे लावतात त्याला काय म्हणता? मुलगा बटण म्हणतो. स्पष्ट. मी तेव्हा पहिल्या उत्तरावर खूण करून पुढे गेलो असतो, तर तो आज घरी असता. पण मागून ती म्हणते, अरे, घरी म्हणतोस तसं सांग की. घाबरू नकोस, साहेब चांगले आहेत. मग तो थोडा थांबतो, आणि गुंडी म्हणतो.

साहेब म्हणजे तिच्यासमोर बसलेला टेपवाला. पण ऐकत मी होतो, ताई.

त्याला हे आठवत असणार. तुला त्याने सांगितलं नाही, आणि तरी टेप मागितली. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी तुझ्याकडे, रविवारी पलीकडे. टेप वाजवायचं यंत्र बरोबर आणतो आहे, त्याच्याकडे नसेल. तो ऐकेल तेव्हा एकविसावं मिनिट येईस्तोवर आणि त्यानंतरही मी त्याच्या शेजारी बसून राहणार आहे. तो जा म्हणाला तरच उठेन.

दाराला कडी लावू नकोस.

तुझा,
बारक्या